खिडकीच्या दोन्ही बाजूंना

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या पत्रात पहिला परिच्छेद हवामानाचा असतो आणि दुसरा तक्रारीचा. आमच्या पत्रांत हवामान फार लवकर संपे. मॉरिशसमध्ये आम्ही 2023-24 हे एक शैक्षणिक वर्ष काढले. आमच्यापैकी एकाला तिथे मराठी शिकवण्याचे काम मिळाले होते, दुसऱ्याने बिनपगारी रजा टाकली होती. त्या वर्षात आम्ही मित्रांना जी लांबलचक ई-पत्रे लिहिली, ती परवा एकत्र काढून वाचली. वाचताना प्रथम हसू आले आणि मग थोडी लाज वाटली. पत्रे विनोदी होती, तपशीलवार होती, मित्रांना आवडलीही होती. फक्त ती एकाच विषयावर होती. या बेटावर वेळेवर काहीही होत नाही, एवढेच आम्ही निरनिराळ्या प्रसंगांतून वर्षभर सांगत राहिलो होतो.

त्या पत्रांत जे होते ते खोटे नव्हते, हे आधी नमूद केले पाहिजे. त्यांत जे नव्हते त्याविषयी हा लेख आहे.

आम्ही वाक्वा या गावात भाड्याने राहत होतो. मध्य पठारावरचे हे गाव. तिथला पाऊस कोकणातल्या माणसालाही परका वाटू नये असा. गावाच्या शेजारी मार ओ वाक्वा हा देशातला सर्वांत मोठा जलाशय आहे. तो 1885 साली बांधला गेला. अशा गावात आमच्या नळाला कोरड्या महिन्यांत पहाटे चार ते आठ एवढेच पाणी येई, आणि तेही येईल याची हमी नसे. घराच्या गच्चीवर निळी टाकी होती. या देशात जवळजवळ प्रत्येक घरावर अशी टाकी दिसते. जलवाहिन्या जुन्या आहेत आणि शुद्ध केलेल्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास भाग घरी पोहोचण्यापूर्वीच गळून जातो, हे तिथल्या वर्तमानपत्रांत नित्य छापून येते. आमच्या टाकीचा फ्लोट बिघडला तेव्हा प्लंबरला बोलावले. तो ‘दिमें’ म्हणाला. दिमें म्हणजे उद्या. अकराव्या दिवशी तो आला, काम पाऊण तासात उत्तम केले, चहा घेतला, आणि एवढे दिवस का लागले याविषयी त्याने अवाक्षरही काढले नाही. अकरा दिवसांत काही घडले आहे असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटतही नव्हते.

निवासाच्या परवान्याची कथा याहून लांबली. रक्ततपासणी झाली, छातीचा एक्स-रे झाला, सहा छायाचित्रे दिली, दोन प्रतींत अर्ज दिला. तीन आठवड्यांनी खिडकीवर गेलो तर छायाचित्रे सापडत नव्हती. पुन्हा दिली. पुढच्या खेपेस छायाचित्रे सापडली होती, पण फाइल ज्यांच्या टेबलावर होती ते गृहस्थ रजेवर होते आणि त्यांच्या टेबलावरची फाइल दुसऱ्याने उचलायची नसते, असे आम्हांला सौजन्याने सांगण्यात आले. खिडकी दुपारी दोनला बंद होई. पावणेदोनला रांगेत आमच्यापुढे चार माणसे असताना खिडकीमागच्या बाईंनी पर्स आवरायला घेतली, तो क्षण आमच्या एका पत्रात दीड पान व्यापून बसला आहे.

या सगळ्यावर लोकांजवळ एकच उद्गार होता, ‘की पु फेर?’ क्रिओल भाषेतल्या या तीन शब्दांचा अर्थ ‘काय करणार?’ असा. प्रश्न आहे, पण त्याला उत्तर अपेक्षित नाही. आपल्या ‘चालायचंच’चा हा सख्खा भाऊ, हे ओळखायला आम्हांला वेळ लागला नाही. ओळखल्यावर मात्र आम्ही अधिकच चिडलो. हेच ऐकायचे होते तर घर कशाला सोडले, असे काहीतरी मनात असावे.

इथे आमच्या व्यवसायाशी संबंधित एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठीतले प्रवासवर्णन आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. ‘अपूर्वाई’सारखी पुस्तके वर्गात वाचली की ध्यानात येते, की आपल्या लेखकांनी परदेश बहुधा विस्मयाने पाहिला. त्यांचा परदेश लंडन-पॅरिसचा होता. तिथली बस वेळेवर येते याचे कौतुक करताना आपल्याकडची येत नाही याचा चिमटा ओघानेच निघे. पण जो देश आपल्यासारखाच आहे, जिथे आपलीच माणसे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी बोटीने गेली आणि राहिली, त्या देशाकडे कसे पाहायचे याचा पाठ आमच्याजवळ नव्हता. विस्मयाला जागा नसली की तक्रार उरते. आम्ही गेलो ते नकळत साहेबाच्या दृष्टीने पाहायला, आणि दिसले आपलेच घर.

एका गोष्टीने मात्र आमच्या तक्रारीला पहिला तडा गेला. त्या देशात खिडकीवर तीन भाषा एका वेळी चालतात. अर्ज इंग्रजीत छापलेला असतो, कारकून तुमच्याशी फ्रेंचमध्ये बोलतो आणि शेजारच्या सहकाऱ्याशी क्रिओलमध्ये. डच 1598 मध्ये आले, 1710 मध्ये निघून गेले. 1715 पासून फ्रेंच राहिले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण फ्रेंच कायदे आणि भाषा तशीच राहू दिली. या तीन शतकांचा गाळ त्या खिडकीवर साचलेला असतो. आम्ही आपले थेट इंग्रजीत विचारत असू, “आमच्या फाइलचं काय झालं?” एकदा मागच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, की तुम्ही कोणालाही ‘बोंझूर’ न म्हणता बोलायला सुरुवात करता, इथे ते फार उद्धट वाटते. आम्ही चपापलो. सात खेपा घालूनही आम्ही त्या बाईंना एकदाही नमस्कार केला नव्हता. आपल्याकडे खिडकीवर नमस्कार करण्याची पद्धत नाही. आपण तिथे मुद्द्याचे बोलतो, आणि याला आपण कार्यक्षमता समजतो. आठव्या खेपेस आम्ही बोंझूर म्हणालो. फाइल त्याही दिवशी सापडली नाही, पण बाई उठून आत जाऊन पाहून आल्या. पूर्वी त्या बसल्या जागेवरून ‘नाही’ म्हणत.

त्या दोन ‘नाही’ंमधला फरक तेव्हा आम्हांला फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

*

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. मराठी वंशाच्या. आम्ही त्यांना काकी म्हणत असू, त्या आम्हांला गुरुजी आणि बाई म्हणत. घरात क्रिओल बोलत, देवापुढे मराठी. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या दिवशी काकींच्या अंगणात जी झाकरी झाली, तिच्या ठेक्याने आम्हांला आमच्या गावच्या जाखडीची आठवण झाली. त्यांना गाण्याचे शब्द पाठ होते, पुष्कळांचे अर्थ ठाऊक नव्हते. अर्थ विचारायला त्या आमच्याकडे येत. आम्हांलाही सगळे अर्थ लागत नसत, आणि हे कबूल करायला आम्ही वेळ लावत असू.

मार्च 2024 मध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुण्या म्हणून आल्या. भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड मिळू शकेल असे त्या वेळी जाहीर झाले. वाक्वात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. काकींनी आम्हांला विचारले, “आमच्या पणजोबांचा कागद कुठे मिळेल?” कार्ड घेऊन त्यांना कुठे जायचे नव्हते, गुडघ्यांमुळे त्या गच्चीवरही चढत नसत. त्यांना पणजोबांचा फोटो पाहायचा होता. कागद काढायचाच तर फोटोही मिळतो असे त्यांनी ऐकले होते.

त्यांनी ऐकलेले बरोबर होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी 1970 मध्ये स्थापन झाली, करारबद्ध मजुरांची सारी दप्तरे ठेवलेली आहेत. 1834 पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून या बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या ज्या पायऱ्या ती चढली, त्या आज आप्रवासी घाट या नावाने ओळखल्या जातात आणि 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळाला. क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव आणि बोटीचे नाव.

काकींच्या घरातल्या जन्मदाखल्यांची साखळी जोडून, दोन-तीन खेपांत तो क्रमांक सापडला. आम्ही मनाची तयारी दोन-तीन महिन्यांची केली होती. नोंद स्वच्छ, शाई टिकलेली. फोटोही होता. उभा चेहरा, खांद्यावर जाड कापड, डोळे कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. काकींनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “माझ्या थोरल्या भावाचं नाक.” आणखी काही बोलल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो पदराखाली धरला होता. 2005 पासून त्या देशात ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे तिकीट आम्ही दोघांनीच काढले.

घरी आल्यावर आम्ही दोघे साहजिकच या कार्यक्षमतेबद्दल बोलू लागलो. पाहा, एके काळी या बेटावरची कचेरी किती चोख होती! साडेचार लाख माणसांची उंचीसुद्धा इंचांत लिहून ठेवली. आणि आज आमची सहा छायाचित्रे यांना सांभाळता येत नाहीत.

मग नोंदीवरच्या तारखांकडे लक्ष गेले. काकींचे पणजोबा 1850 च्या दशकात आले होते. फोटो त्यानंतर दहा-पंधरा वर्षांचा. उतरताना न काढलेला फोटो नंतर का काढला गेला? उत्तर त्या देशाच्या इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आहे. 1867 मध्ये तिथे मजुरांसंबंधी नवा कायदा झाला. ज्यांचा करार संपला आहे अशा ‘जुन्या’ मजुरांनी फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगला पाहिजे, असे त्याने ठरवले. परवाना जवळ नसला तर तो माणूस भटक्या ठरे, आणि भटक्याला अटक होई. स्वतःच्या मजुरीच्या पैशांतून त्याने तो फोटो काढून घ्यायचा होता. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची चाल तर त्याआधीपासूनच होती. ‘डबल कट’ म्हणत तिला. या साऱ्याविरुद्ध 1871 मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यावर 1872 मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि 1875 मध्ये त्याचा अहवाल आला.

म्हणजे काकी ज्या फोटोत भावाचे नाक शोधत होत्या तो पोलिसाला दाखवायचा फोटो होता. ज्या कचेरीच्या चोखपणाचे आम्ही कौतुक करत होतो, तिचा चोखपणा माणूस पळून जाऊ नये यासाठी होता. या बेटाच्या इतिहासात सार्वजनिक कारभार जेवढा अचूक चालला, तेवढा त्यानंतर कदाचित कधीच चालला नसेल, आणि तो कोणाच्या सेवेसाठी नव्हता.

त्या रात्री आम्ही आमच्या पत्रांतले ‘आळशी’, ‘कामचुकार’, ‘बेफिकीर’ हे शब्द आठवून पाहिले. मळेवाल्यांच्या तक्रारींतही हेच शब्द होते. रजा घेणारा माणूस, उशिरा येणारा माणूस, ‘उद्या’ म्हणणारा माणूस. ज्या समाजात एका दिवसाच्या गैरहजेरीला गुन्हा मानले गेले, त्या समाजात चार पिढ्यांनी कोणी हक्काची रजा पुरेपूर घेत असेल आणि टेबलावरच्या फाइलची घाई त्याला नसेल, तर त्याकडे निव्वळ आळस म्हणून पाहता येईल का? आम्ही हे समर्थन म्हणून मांडत नाही. एवढेच म्हणतो, की शब्द वापरण्यापूर्वी तो आधी कोणी कोणाविषयी वापरला होता हे भाषेच्या शिक्षकाने तरी पाहायला हवे.

आमच्या आधी अधिक मोठ्या लेखकाने हे केले होते. व्ही. एस. नायपॉल यांनी 1972 मध्ये मॉरिशसवर ‘द ओव्हरक्राउडेड बॅराकून’ हा निबंध लिहिला. बॅराकून म्हणजे गुलामांना कोंडून ठेवण्याची वखार. निबंध तीक्ष्ण आहे, त्यातले तपशील विसरता येत नाहीत, आणि बेटाला भविष्य नाही असा त्याचा सूर आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या 1961 च्या अहवालाचा सूरही निराशेचाच होता. मीड यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले, नायपॉल यांना 2001 मध्ये. बेटाने या दोघांचेही ऐकले नाही. 1970 पासून निर्यातीसाठीचे कारखाने आले, नंतर पर्यटन वाढले. 1977 मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सरकारी दवाखान्यांत उपचारांना पैसे पडत नाहीत. काकींच्या आईला अक्षरओळख नव्हती, काकी सहावीपर्यंत शिकल्या, त्यांची नात औषधशास्त्र शिकते. नायपॉल स्वतः त्रिनिदादमधल्या करारबद्ध मजुरांच्या वंशातले. त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. आमच्यासारखेच त्यांनी खिडकीवरची रांग पाहिली आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या नातवंडांचा हिशेब केला नाही.

*

इथे लेख संपवला असता तर तो ‘परक्यांनी टीका करू नये’ अशा सोयीस्कर तात्पर्यावर संपला असता. पण काकींनीच ते होऊ दिले नाही. फोटोनंतर आम्ही जरा सौम्य झालो होतो. पाणी आले नाही तरी तक्रार करत नव्हतो, उलट इतिहासाचा हवाला देत होतो. एकदा असेच काही बोललो तेव्हा काकी भडकल्या. “गुरुजी, पणजोबा मजूर होते म्हणून नळाला पाणी नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

त्यांचा राग आमच्या रागाहून जुना होता आणि तपशिलांत पक्का होता. 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईमध्ये थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडला आणि 11 माणसे गेली. त्यांतली काही रस्त्याखालच्या भुयारी वाटेत आणि तळघरातल्या वाहनतळात बुडाली. तुंबलेली गटारे, बुजवलेले ओढे, वाटेल तिथे दिलेल्या बांधकामाच्या परवानग्या यांवर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. 15 जानेवारी 2024 ला बेलाल चक्रीवादळ आले तेव्हा आम्ही तिथे होतो. सकाळी लोक नेहमीसारखे कामाला गेले, आणि दुपारपर्यंत राजधानीच्या रस्त्यांवर मोटारी तरंगत होत्या. वादळाच्या इशाऱ्याच्या वेळेवरून वेधशाळेवर कडाडून टीका झाली. ज्या देशात वादळाच्या चार श्रेणींचे इशारे शाळकरी मुलांना पाठ असतात, ज्याने 1960 च्या कॅरोल वादळानंतर गरिबांच्या वस्त्या काँक्रीटच्या बांधल्या, त्या देशात ही चूक लोकांना फार लागली. काकींचा मुलगा त्या दिवशी पोर्ट लुईत होता. रात्री साडेनऊला तो चालत आणि कोणाकोणाच्या गाडीतून घरी आला. तोवर काकी दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या वेळी ‘की पु फेर’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत.

आणखी एक आठवण त्या सांगत. 25 जुलै 2020 रोजी वाकाशिओ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढले. बारा दिवसांनी त्यातून तेल सांडू लागले, सुमारे हजार टन. सरकारी हालचालीची वाट न पाहता हजारो माणसे किनाऱ्यावर गेली आणि उसाचा पाला कापडात भरून त्यांनी तेल अडवणारे लांबलचक तरंगते बांध शिवले. काकींनी घरातल्या जुन्या चादरी दिल्या होत्या. पुढे 29 ऑगस्टला राजधानीत प्रचंड मोर्चा निघाला. फ्लोट बसवायला अकरा दिवस घेणारा आमचा प्लंबर त्या आठवड्यात चार रात्री किनाऱ्यावर होता, हे आम्हांला काकींकडूनच कळले. या माणसांना काम करता येत नाही किंवा करायचे नसते, हे आमचे निदान त्यामुळे कोलमडले. जे काम आपले वाटते आणि ज्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसतो, ते काम हीच माणसे जीव तोडून करतात. कचेरीतले काम कोणालाच आपले वाटत नाही. ते का वाटत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो त्या बेटापुरता नाही.

काकींच्या आणि आमच्या तक्रारीत फरक होता तो एवढाच. त्यांना ते पाणी हवे होते. आम्हांला पत्रासाठी मजकूर हवा होता.

*

परत येताना काकींनी आमच्याजवळ नोंदीची प्रत दिली. पणजोबांचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले, त्यामुळे तीन वेगवेगळ्या गावांची नावे त्यात बसू शकत होती. आम्ही त्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयात शिकवतो. “सोपं आहे,” आम्ही म्हणालो. “गेल्याबरोबर चौकशी करतो.”

गेल्याबरोबर केली नाही. उत्तरपत्रिका होत्या, मूल्यांकनाच्या फाइली होत्या, पाऊस होता. दर महिन्याला काकींच्या नातीच्या फोनवरून निरोप येई, “आजी विचारते, काही कळलं का?” आम्ही कळवत असू, चौकशी चालू आहे. चालू नव्हती. आपल्या भाषेतल्या कार्यालयीन वाक्यांपैकी हे सर्वांत सभ्य आणि सर्वांत खोटे वाक्य असावे, आणि ते आम्ही अगदी सराईतपणे वापरले. दिवाळीनंतर एकदा एका कचेरीत गेलो. जुनी दप्तरे ज्यांच्या ताब्यात आहेत ते साहेब बैठकीला गेले होते. सोमवारी या, असे सांगण्यात आले. त्या सोमवारी आम्हांला विद्यापीठात जावे लागले. पुढचा सोमवार तीन महिन्यांनी उजाडला.

त्याच सुमारास आमच्या एका विद्यार्थिनीची एका शिष्यवृत्तीची मुदत हुकली. तिला शिफारसपत्र हवे होते. ती आमच्या दाराशी चार वेळा येऊन गेली होती, आणि आम्ही चारही वेळा हसतमुखाने “उद्या ये गं” म्हटले होते. मुदत गेल्यावर तिने तक्रार केली नाही. ती “असू दे मॅडम” म्हणाली. तो तिचा ‘की पु फेर’ होता. ती आजही वर्गात पुढच्या बाकावर बसते, आणि तिच्याकडे पाहून शिकवणे आम्हांला अवघड जाते. मॉरिशसमधल्या त्या खिडकीमागच्या बाईंना आम्ही दीड पान दिले होते. या प्रसंगाविषयी आम्ही कोणालाही पत्र लिहिले नाही.

शेवटी आम्ही त्या कचेरीत पुन्हा गेलो. या वेळी आधी नमस्कार केला. कारकून तरुण होते, त्यांनी नोंदीची प्रत कुतूहलाने वाचली, आत गेले, आणि वीस मिनिटांनी येऊन म्हणाले, “नाही. एवढं जुनं इथं काही नाही.” काही बस्ते वाळवीने खाल्ले, काही मागेच दुसरीकडे हलवले, असेही ते म्हणाले.

आम्ही बाहेर येऊन पायरीवर थांबलो. असे असणे शक्य होते. किंबहुना तेच अधिक संभवनीय होते. कोकणात तेव्हा खोती होती. कागदावर खोताचे नाव असे. त्याची जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव असेलच असे नाही, आणि ज्याच्याजवळ कूळ म्हणूनही जमीन नव्हती त्याचे तर नाहीच. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, प्रत्यक्षात कायदा 1949 मध्ये झाला. काकींचे पणजोबा ज्या गावात जन्मले तिथे त्यांचे नाव लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नसावी. त्यांचा बाप कोण, उंची किती, कपाळावर कोणत्या बाजूला व्रण, हे पहिल्यांदा लिहिले ते त्यांना कामाला जुंपणाऱ्या परक्यांनी. चोख कचेरीने त्यांना क्रमांक दिला, आणि आपल्या कचेरीने काहीच दिले नाही.

पण असेही असू शकते, की तिसऱ्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर एक बस्ता आहे आणि वीस मिनिटांत तिथपर्यंत हात पोहोचला नाही. आम्हांला हे ठरवता येत नाही. ढिसाळ कारभारातली खरी हानी आम्हांला त्या पायरीवर कळली. उशीर होतो, खेपा पडतात, ते सगळे सोसता येते. पण कोणतीच नोंद कोणी नीट पाहत नाही अशी एकदा सवय झाली, की जे खरोखरच नाही त्याचे ‘नाही’ आणि जे शोधलेच नाही त्याचे ‘नाही’ सारखेच ऐकू येऊ लागते. मग इतिहासाने पुसलेला माणूस कोणता आणि आपण कंटाळ्याने पुसलेला कोणता, हे वेगळे करता येत नाही. वाक्वाच्या त्या बाई उठून आत जाऊन पाहून आल्या होत्या. त्याचे मोल आम्हांला दोन वर्षांनी आणि एका समुद्राच्या अलीकडे कळले.

काकींना आम्ही खरे ते लिहिले. सापडले नाही, नसेलच असे सांगता येत नाही, आम्ही उशिरा गेलो, याबद्दल क्षमा करा. ‘चौकशी चालू आहे’ हे वाक्य खोटे होते हेही लिहिले. चार दिवसांनी नातीच्या फोनवरून उत्तर आले. पणजोबांचा फोटो मोठा करून देवघराशेजारी लावला आहे, आणि त्या तीन गावांपैकी कोणत्याही गावाच्या नदीचा किंवा देवळाचा फोटो पाठवता येईल का, असे काकींनी विचारले होते. तिन्हींचे पाठवलेत तरी चालेल, कोणते ते मी बघून ठरवीन.

दोन गावांना आम्ही जाऊन आलो आहोत. तिसरे राहिले आहे.